घाट उतरायच्या आधी ब्रेक कसे बघायचे आणि वर्षभर कसे सांभाळायचे

गाडी सर्व्हिसिंगला दिली की ब्रेकबद्दल बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात, पॅड किती राहिलेत, आणि मेकॅनिक म्हणाला की अजून दहा हजार आरामात जातील की विषय तिथेच संपतो. पॅड बघायलाच पाहिजेत. पण चांगले जाडजूड पॅड असलेल्या गाडीचे ब्रेकसुद्धा घाटात जाऊ शकतात, आणि त्याचं कारण असतं बॉनेटखालच्या त्या छोट्या पांढऱ्या टाकीतलं ब्रेक ऑइल, जे गाडी घेतल्यापासून कुणी बदललेलंच नसतं. इंजिन ऑइल दरवर्षी न चुकता बदलणारी, गाडीवर एक ओरखडा सहन न करणारी माणसं, त्यांना विचारा ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, तर पटकन सांगता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, मुख्यतः त्यांच्यासाठी जे मुंबई-पुण्यात नाहीतर कोल्हापूर-साताऱ्याकडे राहतात आणि गणपतीला, मे महिन्यात, लग्नाकार्याला कोकणात उतरतात.

ब्रेक लावतो तेव्हा गाडीचा वेग कुठे जातो हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. तो उष्णता होतो. पॅड डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला घासतात, डिस्क तापते, वाऱ्याने निवते, बस एवढंच. ८० च्या वेगातली गाडी थांबवायला ६० च्या वेगापेक्षा जवळपास पावणेदोन पट ऊर्जा जिरवावी लागते, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. आता घाटाचा हिशोब बघा. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण सव्वासहाशे मीटरवर आणि खोपोली साठेक मीटरवर, म्हणजे बोरघाटात गाडी साडेपाचशे मीटर खाली येते, आणि माणसं-सामान धरून १,४०० किलोची गाडी असेल तर त्या उतारावर जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात पंचवीसेक लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. ही सगळी ब्रेकवर जात नाही, काही हवेत जाते, काही टायरमध्ये, आणि तुम्ही खालच्या गिअरमध्ये असाल तर बरीचशी इंजिन घेतं. पण तीच गाडी पाचव्या गिअरमध्ये ठेवून किंवा न्यूट्रल करून नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ती जवळपास सगळी त्या चार चाकांमध्ये जाते, त्यातही पुढच्या दोन चाकांवर जास्त, कारण ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं. ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा) पिस्टनमध्ये आणि तिथून थेट ब्रेक ऑइलमध्ये जाते.

ब्रेक ऑइल, सगळ्यात आधी

आपण ऑइल म्हणतो पण ते तेल नाही. डॉट ३, डॉट ४ ही जी बाटलीवर नावं दिसतात ती ग्लायकॉल जातीची रसायनं आहेत आणि त्यांचा स्वभावच हवेतलं पाणी ओढून घ्यायचा आहे. टाकीचं झाकण कितीही घट्ट असलं तरी रबरी नळ्यांमधून, सीलमधून, झाकणाच्या बारीक भोकातून दमटपणा आत जातोच, आणि मुंबईपासून खाली पणजीपर्यंतच्या हवेत तर विचारायलाच नको. नवीन डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तोच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चा २३० वरून १५५ वर. पाणी मुरलं म्हणजे किती, तर फक्त ३.७ टक्के. एवढ्याशा पाण्याने पाऊणशे अंशांचा फरक पडतो!

आता हे उकळलं तर काय होतं. पेडल दाबलं की त्याचा दाब द्रवातून जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो कारण द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे तयार झाले की तुमचा पाय ते बुडबुडेच दाबत बसतो, पेडल मऊ लागतं, खाली जातं, आणि गाडी थांबत नाही. भयंकर गोष्ट म्हणजे अर्ध्या तासाने सगळं गार झालं की पेडल पुन्हा बऱ्यापैकी ठीक लागतं, मग लोक म्हणतात काही नाही, गरम झाले होते, आणि पुढच्या घाटापर्यंत विसरून जातात. एकदा असं झालं की ऑइल बदलल्याशिवाय पुन्हा घाट चढायचाही नाही, उतरायचा तर नाहीच.

बदलायचं कधी, तर बऱ्याच कंपन्या दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरच्या आसपास सांगतात, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये नेमका आकडा असतो तो बघा, पण किलोमीटरवर जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे कारण गाडी उभी असली तरी ऑइल पाणी पीतच असतं. गाडी वर्षाला पाच हजार चालते म्हणून आठ वर्षं ऑइल टिकेल असं अजिबात नाही. नवीन ऑइल फिकट पिवळसर, पारदर्शक असतं, जुनं चहासारखं तपकिरी किंवा काळपट होतं. रंग गडद दिसला तर बदलायचंच, पण रंग बरा दिसतोय म्हणून पाणी नाही असं समजू नका, पाणी डोळ्यांना दिसत नाही. चांगल्या गॅरेजमध्ये पेनासारखा एक टेस्टर असतो, तो टाकीत बुडवला की पाण्याचा अंदाज येतो, मागा, लाजू नका.

टाकीवर मिन आणि मॅक्स अशा दोन खुणा असतात. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरतं, त्यामुळे पातळी वर्षभरात हळूहळू थोडी खाली येणं नॉर्मल आहे. खाली दिसली की लगेच वरून ओतायची सवय मात्र चांगली नाही. एकतर पॅड संपत आल्याची खूण तुम्ही झाकून टाकता, आणि पुढे नवीन पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की जास्तीचं ऑइल टाकीतून बाहेर सांडतं. हे रंगाला खातं, गाडीच्या पेंटवर पडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. पातळी आठवड्यात किंवा महिन्यात झपकन खाली आली तर तो लीक आहे, चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओलं दिसतंय का बघा, पेडलच्या वर मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ऑइलवर टाकणारा भाग) मागे बघा, आणि सापडेपर्यंत गाडी काढू नका.

टाकायचं तेच जे टाकीच्या झाकणावर लिहिलंय. डॉट ३ च्या जागी डॉट ४ सहसा चालतं, उलटं करू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं आणि ते बाकीच्यांत मिसळत नाही, डॉट ५.१ वेगळं आहे, नाव सारखं म्हणून गोंधळ होतो. आणि रस्त्यात कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल असलं काही त्या टाकीत जाता कामा नये, एक चमचाभरही नाही, सगळे रबरी सील फुगून बाद होतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळं बदलावं लागतं. उघडून कपाटात ठेवलेली अर्धी बाटलीही वापरू नका, तिने तोपर्यंत पाणी ओढलेलं असतं. नवीन बाटली काही शे रुपयांची आहे, यात वाचवायचं काय?

बदलणं म्हणजे टाकीतलं पिचकारीने काढून नवीन भरणं नव्हे, हे गॅरेजवाल्याला आधीच सांगा. चाकापाशी कॅलिपरमध्ये जे आहे तेच सगळ्यात जास्त तापलेलं आणि घाण असतं, ते प्रत्येक चाकाच्या निपलमधून, म्हणजे ऑइल काढायच्या छोट्या तोटीतून बाहेर यायला पाहिजे, नवीन स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत. कुठल्या चाकापासून सुरुवात करायची तो क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि सगळ्या गाड्यांना तो सारखा नसतो. एबीएसच्या (जोरात ब्रेक लावला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांना ती काढायला स्कॅनर लावावा लागतो, त्यामुळे हे काम घरी दोघांनी मिळून करायचा उत्साह असेल तरी आधी कुणा जाणकाराबरोबर एकदा बघा. काम चालू असताना टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम.

पॅड, डिस्क, ड्रम

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. पुढचे पॅड अलॉय व्हील असेल तर चाक न काढताही टॉर्च मारून बऱ्यापैकी दिसतात. नवीन पॅडचं मटेरियल दहा-बारा मिलिमीटर असतं, तीन मिलिमीटरवर आलं की बदलून टाका, शेवटच्या थरापर्यंत ओढू नका, पातळ पॅड उष्णता पिस्टनकडे लवकर सोडतो आणि वर सांगितलेला सगळा प्रकार आणखी लवकर होतो. फक्त बाहेरचा पॅड बघून समाधान मानू नका. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप जास्त झिजलेला असेल तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना गंजून अडकलेल्या असतात, आणि ही फार नेहमीची भानगड आहे, खासकरून एक-दोन पावसाळे अंगावर घेतलेल्या गाडीत. पिना काढून साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावायचं, साधं पिवळं चाकाचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पॅड संपत आले की त्यावरची एक पत्र्याची पट्टी डिस्कला घासून बारीक चिरकणारा आवाज करते, ती मुद्दाम तशीच बसवलेली असते. हा आवाज आल्यावर एक-दोन दिवसांत बदला. खर्रर्र असा जाड आवाज यायला लागला म्हणजे मटेरियल संपून लोखंड लोखंडाला लागतंय, तिथून पुढे डिस्कही जाते आणि दोन-तीन हजारांचं काम तिप्पट होतं. डिस्कच्या कडेवर किंवा आतल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, मेकॅनिकला जाडी मोजायच्या व्हर्निअरने मोजायला सांगा. बोट फिरवून कडेला मोठा काठ लागला तर समजा बरीच झिजलीय. लेथवर डिस्क घासून देणारे असतात, पण किमान जाडीच्या खाली गेलेली डिस्क कितीही गुळगुळीत केली तरी ती टाकूनच द्यायची.

पॅड नेहमी जोडीने, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, एका चाकाला नवा आणि दुसऱ्याला जुना चालत नाही, गाडी एका बाजूला ओढते. घेताना कंपनीचे ओरिजिनल किंवा नावाजलेल्या ब्रेक कंपन्यांचे घ्या, ब्रेक्स इंडियाचे टीव्हीएस गर्लिंग, राणे, बॉश, ब्रेम्बो असे बाजारात मिळतात, फक्त दुकान भरवशाचं बघा कारण डुप्लिकेट माल पॅकिंगवरून ओळखणं अवघड आहे. एकदम निम्म्या किमतीत कुणी देत असेल तर ते पॅड घाटात किती तापमान सहन करतील याचा भरवसा नाही.

ड्रम लोक विसरतात कारण तो दिसत नाही. आत लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे असतात, त्यांची भुकटी, पावसातली माती, सगळं आतच साठतं. दर दहा-पंधरा हजारांना, आणि पावसाळ्यानंतर तर नक्कीच, ड्रम उघडून साफ करून घ्या, लायनर बघा, लायनर बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत ओलं आहे का बघा. लायनरला एकदा ब्रेक ऑइल लागलं की ते लायनर फेकायचे, पेट्रोलने धुवून, घासून पुन्हा बसवायचे नाहीत. साफ करताना ती भुकटी हवेच्या प्रेशरने उडवणारी गॅरेजं खूप आहेत, त्यांना थांबवा, जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुफ्फुसात जाते, त्या पोऱ्याच्या आधी आणि मग आपल्या. ब्रेक क्लीनर मारून किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्यायची.

स्वतः चाक काढणार असाल तर गाडी सपाट जागेवर, दुसऱ्या चाकांना दगड, जॅकवर भरवसा ठेवून हात किंवा डोकं आत घालायचं नाही, स्टँड नसेल तर निदान काढलेलं चाक आडवं गाडीखाली सरकवून ठेवा. कॅलिपर काढला तर तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. आणि चाक परत लावताना नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा, एकाच बाजूने करकचून आवळत गेलं की डिस्क किंचित तिरकी बसते आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं.

पेडल काय सांगतंय

रोज गाडी चालवणाऱ्याला पायाने जेवढं कळतं तेवढं कुठल्याही मशीनला कळत नाही, फक्त लक्ष पाहिजे. पेडल मऊ, स्पंजासारखं लागतंय म्हणजे लाइनमध्ये हवा आहे किंवा ऑइल बाद झालंय. पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली खाली जातंय, बाहेर कुठे ओलं नाही, तर मास्टर सिलिंडरचे आतले सील गेलेत. पेडल दगडासारखं कडक झालंय आणि पूर्ण जोर लावावा लागतोय तर बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी बिघडलीय. बूस्टर घरीच तपासता येतो, इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल, मग पाय दाबून तसाच ठेवून इंजिन चालू करा, पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गॅरेज.

ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते, तर आधी टायरची हवा बघा, ती बरोबर असेल तर एका बाजूचा कॅलिपर अडकलाय. सपाट रस्त्यावर फारसे ब्रेक न लावता दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, चिकटवू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये, तो सतत लागलेलाच आहे. असं चाक घाटात आधी तापतं. ॲव्हरेज अचानक कमी झालं तरी हे एकदा बघा.

मीटरवरचा लाल ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडूनही राहिला तर ऑइलची पातळी कमी झालीय किंवा त्याहून गंभीर काही आहे, गाडी बाजूला घ्या. पिवळा एबीएसचा दिवा लागला तर साधे ब्रेक चालतात पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात, पावसात हे जपून. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्या नवीन कारना एबीएस बंधनकारक आहे, त्यामुळे अलीकडची गाडी असेल तर तो आहेच, आणि जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थडथडतं तेव्हा घाबरून पाय उचलू नका, ते त्याचं काम करतंय, दाबून धरा आणि स्टिअरिंग वळवा. बऱ्याचदा दिवा लागण्याचं कारण चाकाजवळच्या सेन्सरची वायर असते, उंदीर कुरतडतात किंवा चिखलाने कनेक्टर खराब होतो. आणि हो, टायर गुळगुळीत असेल तर जगातला कुठलाही ब्रेक उपयोगाचा नाही, ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवायची असते ती टायरने. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही हा नियम आहे, पावसासाठी मी म्हणेन तीनच्या खाली गेला की बदला.

ब्रेक लाइट रात्री भिंतीला गाडीची पाठ करून आरशात बघता येतात, दहा सेकंदांचं काम आहे. मागचा माणूस ट्रक घेऊन येतोय आणि तुमचा दिवा लागत नाहीये ही परिस्थिती घाटात नको.

पाऊस आणि समुद्र

खोल पाण्यातून गाडी काढली की डिस्क आणि ड्रम भिजतात आणि पहिले एक-दोन ब्रेक लागतच नाहीत, ड्रमचे तर जास्तच. पाणी ओलांडलं की मागे कुणी नाही बघून कमी वेगात पेडलवर हलका पाय ठेवून थोडं अंतर चालवा, उष्णतेने सुकतात. कोकणातल्या लाल मातीचे बारीक खडे पॅड आणि डिस्कच्या मधे बसतात आणि रेघा पाडतात, गावावरून आल्यावर चाकांच्या आतून पाणी मारून घ्या, पण घाट उतरल्या उतरल्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी कधीच नाही, डिस्क वाकू शकते.

पावसात भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून आठवडाभर अंगणात उभी राहिली की लायनर ड्रमला गंजून चिकटतात, मग निघताना गाडी हलतच नाही किंवा मोठ्ठा खट्ट आवाज होऊन सुटते, कधी लायनरचा तुकडाच निघतो. सपाट जागा असेल तर हँडब्रेक न लावता पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला पुढे-मागे दगड लावा. डिस्कवर दोन दिवसांत जो तांबूस थर येतो त्याची काळजी नको, पाच-सहा ब्रेकमध्ये निघून जातो. काळजी करायची ती खालून गेलेल्या लोखंडी ब्रेक लाइनची, समुद्राजवळ राहणाऱ्या गाडीची ती दरवर्षी लिफ्टवर घेऊन बघा, पापुद्रे सुटलेले दिसले तर बदलायची. चाकाजवळच्या रबरी नळ्या वाकवून बघा, भेगा दिसल्या की त्या गेल्या.

घाटात पाय कसा वापरायचा

नियम एकच आणि तो जुन्या एसटी ड्रायव्हरांनाही माहीत होता, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा, तिसरा, जिथे गाडी आपली आपण बांधल्यासारखी राहते तो. गिअर उतार लागायच्या आधी टाका, वेग वाढल्यावर नाही. मग ब्रेक फक्त वळणाच्या आधी, ठाम दाबून वेग कमी करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा, म्हणजे डिस्कला वारा मिळतो. पेडलवर सतत हलका पाय ठेवून उतरणं हे सगळ्यात वाईट, कुंभार्ली, आंबोली किंवा गगनबावड्याचा करूळ घाट असा उतरलात तर खाली पोहोचेपर्यंत वास येणारच. न्यूट्रलमध्ये उतरवून पेट्रोल वाचतं हा समज तर पार चुकीचा आहे, आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. इंजिन बंद करून उतरवणारे अजूनही दिसतात, त्यांच्या बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरतीच ताकद उरते आणि पॉवर स्टिअरिंगही जातं.

ऑटोमॅटिक असेल तर डी मध्ये निवांत बसू नका, एल, २, किंवा मॅन्युअल मोड जे काही दिलंय ते वापरा, एएमटीमध्ये (साध्या गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणारी गाडी) लिव्हर मॅन्युअलला घेऊन गिअर खाली आणता येतो. इलेक्ट्रिक गाडीत रीजन (मोटरनेच गाडी अडवून वीज परत बॅटरीत भरणं) जोरात ठेवला की बरंचसं काम मोटर करते, पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते आणि रीजन मिळत नाही किंवा फारच कमी मिळतो. म्हणजे महाबळेश्वरच्या हॉटेलवर १०० टक्के चार्ज करून पाचगणीवरून पसरणी घाटाने वाईला उतरणार असाल तर सगळा भार साध्या ब्रेकवर येईल, त्यापेक्षा ऐंशी टक्क्यांवरच चार्जर काढा. इलेक्ट्रिकचे पॅड वर्षानुवर्षं टिकतात हे खरं, पण वापर कमी म्हणून डिस्क गंजतात आणि पिना अडकतात, मधूनमधून मुद्दाम चार ठाम ब्रेक मारत जा.

गणपतीला पाच माणसं, डिकीभर सामान, वर कॅरिअर, असं असेल तर वर केलेल्या हिशोबातले किलो आणखी वाढतात, टायरची हवा मॅन्युअलमधल्या पूर्ण लोडच्या आकड्याएवढी भरा आणि एक गिअर खाली ठेवून उतरा. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली, नारळ, चप्पल, सुटी मॅट काहीही नको, ते घरंगळत पेडलखाली गेलं की पेडल दाबलंच जात नाही.

जळका वास आला, चाकातून धूर दिसला किंवा पेडल मऊ लागलं तर पुढच्या हॉटेलापर्यंत जाऊ असं करू नका, पहिल्या रुंद जागी गाडी थांबवा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक तापलेल्या ड्रमवर ओढू नका, पाणी ओतू नका, अर्धा तास चहा प्या.

आणि खरंच पेडल खाली गेलंच तर, पटापट पंप करा, बहुतेक वेळा थोडा दाब परत येतो. सिस्टिम दोन भागांत विभागलेली असते, एक गेला तरी दुसरा काम करतो, पेडल खूप खाली गेल्यावर आणि खूप जोर लावल्यावर, म्हणून पूर्ण ताकदीने दाबा. एकेक गिअर खाली आणा, चौथ्यातून थेट पहिल्यात नाही. हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढा म्हणजे मागची चाकं लॉक होणार नाहीत, इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर बऱ्याच गाड्यांमध्ये ते ओढून धरलं की गाडी स्वतःच ब्रेक लावत थांबते, तुमच्या गाडीत तसं आहे का ते आजच मॅन्युअलमध्ये वाचून ठेवा. चावी बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. हॉर्न, दिवे, आणि दुसरा उपायच राहिला नाही तर दरीकडे नाही, डोंगराकडे, गाडीची बाजू कठड्याला किंवा गटाराच्या कडेला घासत. गाडीचा पत्रा परत मिळतो.

गॅरेजमधून बाहेर पडताना

कोकणात जायच्या आदल्या दिवशी ब्रेकचं काम करू नका, निदान दहा-बारा दिवस आधी करा. नवीन पॅड आणि डिस्क एकमेकांत बसायला वेळ लागतो, रिकाम्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, मधे थोडं चालवून गार होऊ द्यायचं, असं आठ-दहा वेळा, आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना करकचून ब्रेक मारायचे नाहीत. तेवढ्यात काही गळत असेल, आवाज येत असेल तर तेही शहरातच कळतं. काढलेले जुने पॅड मागून घ्या, बघा कुठून किती झिजलेत, त्यावरून कॅलिपरची तब्येत कळते. ऑइल कधी बदललं तो महिना आणि वर्ष कागदाच्या चिठ्ठीवर लिहून टाकीजवळ चिकटवा.

आणि पॅड बदलून गाडी हातात आली की गॅरेजच्या दारातच, इंजिन चालू करून, गिअर टाकायच्या आधी पेडल चार-पाच वेळा दाबा. पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं, दोन-तीनदा दाबल्यावर वर येतं. ते वर येऊन घट्ट लागलं की मगच गाडी हलवायची, पाच-सातवेळा दाबूनही आलं नाही तर चावी परत मेकॅनिकच्या हातात द्यायची.